राज्य कोणावर? : विज्ञानकथेतल्या सम्राटाला साम्राज्य कशासाठी हवे असते



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात विज्ञानकथेवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांनी आमच्याकडे जरा चमकून पाहिलं. त्यांचं चुकलं असं नाही. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. आपल्या अभ्यासिकेत दर रविवारी दुपारी कादंबरीवाचन चालतं हे आपणांस माहीत आहे. पुस्तक इंग्रजी असेल तर आमच्यापैकी एकजण आठवडाभर वाचून ठेवतो आणि रविवारी मराठीत सांगतो. मुलं ऐकतात, भांडतात. दोन आज्यासुद्धा येऊन बसतात. बाहेर ऊन असतं आणि आत पंखा असतो, हे एक कारण. त्या वाचनात एका मुलानं असा प्रश्न विचारला की दोन रविवार आम्हांस उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्या प्रश्नाचं आहे.

आधी सम्राटांकडे वळू. आम्ही मुलांना विचारलं होतं की बाबांनो, या गोष्टींतल्या दुष्ट राजाला सगळं जग, सगळे ग्रह कशासाठी हवे असतात? पहिलं नाव अर्थातच मोगँबोचं निघालं. १९८७ चा 'मिस्टर इंडिया', त्यातला अमरीश पुरींचा मोगँबो. अदृश्य करणारं यंत्र त्यात आहे, म्हणजे विज्ञानकथाच झाली. मोगँबोला भारत जिंकायचा आहे. का? सिनेमा सांगत नाही, आणि आपणही तिकीट काढून आत गेल्यावर विचारत नाही. आमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समध्ये फ्लॅश गॉर्डन वाचला, त्यात मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग होता. ही चित्रकथा १९३४ साली अमेरिकेत सुरू झाली. मिंगलाही कारण दिलेलं नाही, पण चेहरा दिलेला आहे. लांब खाली वळलेल्या मिशा, तिरके डोळे, चिनी सरदारासारखा वेश. त्या काळी अमेरिकेत पूर्वेकडच्या माणसांची भीती घातली जात होती, त्यामुळे चेहरा दाखवला की कारण सांगायची गरजच उरत नसे. 'तो तसलाच असतो' एवढं पुरे! हे वाक्य आपण आयुष्यात कुठे कुठे ऐकलेलं आहे ते या सभागृहाला सांगावं लागणार नाही. म्हणून मिंगला आम्ही तिथंच सोडला.

मग 'स्टार वॉर्स' निघालं. त्यातला काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर मुलांना तोंडपाठ आहे. १९९९ च्या चित्रपटात तो नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि गुलाम आहे. त्याला सोडवून नेतात, पण आई गुलामीतच मागे राहते. २००२ च्या चित्रपटात ती छळ सोसून त्याच्या हातांत मरते. २००५ च्या चित्रपटात त्याला बायकोच्या मरणाची स्वप्नं पडतात, आणि तिला वाचवण्याची विद्या देतो म्हणणाऱ्या पाल्पटीनच्या तो कह्यात जातो. म्हणजे व्हेडरचं मूळ भीतीत आहे, आपलं माणूस पुन्हा हिरावलं जाईल या भीतीत. आणि पाल्पटीन? त्याला सत्ता हवी असते, बस. मात्र ती तो तलवारीनं घेत नाही. संकट आहे म्हणून सभागृहाकडून विशेष अधिकार मागून घेतो, ते परत करत नाही, आणि साम्राज्याची घोषणा करतो तेव्हा सभासद टाळ्या वाजवतात. ते टाळ्यांचं दृश्य आम्ही मुलांना दोनदा दाखवलं. संविधान शिकवताना उपयोगी पडतं.

एवढं झाल्यावर आम्ही आयझॅक असिमॉव्हचा 'म्यूल' सांगायला घेतला. इथून गोष्ट लांबली.

असिमॉव्ह हा रशियात जन्मलेला ज्यू. तीन वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आला, ब्रुकलिनमध्ये बापाच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गल्ल्यावर बसून वाढला. १९४५ साली, पंचविशीत, त्यानं म्यूलची कथा लिहिली. ती त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंकांत एका अमेरिकन मासिकात छापली गेली, म्हणजे महायुद्ध संपून दोन-तीन महिने झाले होते आणि हिटलरला जाऊन सहा-सात. १९५२ साली ती 'फाउंडेशन अँड एम्पायर' या पुस्तकात आली. २०२१ पासून या ग्रंथमालेवर एक मालिकाही आली आहे, पण तिच्यात पुष्कळ बदल केलेले आहेत. आम्ही पुस्तकातलंच सांगतो.

गोष्टीची बैठक अशी. आकाशगंगेवर बारा हजार वर्षं एक साम्राज्य आहे, ते आता कोसळणार. हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेब मांडतो की नंतर तीस हजार वर्षं अंदाधुंदी माजेल. ती हजार वर्षांवर आणावी म्हणून तो टोकाच्या एका ग्रहावर ज्ञानी माणसांची वसाहत बसवतो. तिचं नाव फाउंडेशन. सेल्डनचं गणित कोट्यवधी माणसांच्या समूहाचं आहे, एकट्या माणसाचं भाकीत त्यात करता येत नाही. वर्षानुवर्षं गणित बरोबर येत जातं. संकट आलं की सेल्डनची आधीच नोंदवून ठेवलेली प्रतिमा ठरल्या वेळी प्रकट होते आणि काय झालं ते सांगते. लोकांचा विश्वास बसतो की आपला विजय ठरलेलाच आहे. आणि एके दिवशी प्रतिमा प्रकट होते, शांतपणे बोलू लागते, पण ती बोलते भलत्याच संकटाबद्दल! जे घडलंच नाही अशा यादवीबद्दल. सभागृहात बसलेल्यांचे चेहरे पांढरे पडतात, आणि बाहेर म्यूलची जहाजं उतरत असतात. हा प्रसंग सांगताना अभ्यासिकेत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

म्यूल म्हणजे खेचर. हा माणूस जन्मतःच वेगळा आहे. दुसऱ्याच्या मनातल्या भावना त्याला दिसतात आणि त्या तो फिरवू शकतो. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं, भीती थोडी वर, निष्ठा थोडी वर. शत्रूचा सेनापती सकाळी त्याला मारायला निघतो आणि संध्याकाळी त्याच्यासाठी मरायला तयार होतो. कल्गान नावाचा ग्रह त्यानं लढाईशिवाय घेतला. मात्र ही शक्ती आपल्यात आहे आणि इतरांत नाही, हे कळायला त्याला फार वर्षं लागली. त्याआधीचं आयुष्य असं की आई त्याला पाहायच्या आधीच गेली, बाप कोण ते माहीत नाही. काटकुळं अंग, लांबच लांब नाक, हसू यावं असं ध्यान. कुणाला त्याचा किळस यायचा, कुणाला भीती वाटायची. बावीस वर्षं टिंगल, हिणवणं, हाकलणं. मग शक्ती उमगली आणि त्यानं मनाशी ठरवलं की आजवर जगाचा डाव झाला, आता माझा.

इथं सातवीतली एक पोर पटकन म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं त्याच्यावरच राज्य होतं!" आम्हांस क्षणभर उमजलं नाही. मग लक्षात आलं. आपल्या खेळांत ज्याच्यावर राज्य येतं तो राजा नसतो. सगळे लपतात, पळतात, त्याला दमवतात, चिडवतात, आणि तो एकटा सगळ्यांमागे धावतो. कुणाला शिवल्याशिवाय त्याचं राज्य उतरत नाही. म्यूलवर बावीस वर्षं राज्य होतं, आणि ते उतरवायला तो आख्ख्या आकाशगंगेला शिवायला निघाला. साम्राज्य उभारण्यामागचं याहून नेमकं कारण आम्हांस पुस्तकात सापडलं नाही.

मग तो प्रश्न आला. विचारणारा मुलगा त्या वेळी नुकताच बाहेरगावच्या एका महाविद्यालयात गेला होता आणि सुट्टीला घरी आला होता. तिथं वसतिगृहात त्याला काय काय ऐकावं लागत होतं ते नंतर हळूहळू कळलं. शिष्यवृत्तीवरून नाव ठेवलं होतं, जेवणाच्या टेबलावरून मुलं उठून जात होती. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "सर, मग म्यूलचं चुकलं काय?"

सगळे गप्प. आम्हीही.

सोपं उत्तर होतं की बाबा रे, हिंसा वाईट. पण ज्याच्या ताटासमोरून माणसं उठून जातात त्याला असं सुभाषित ऐकवायचं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं. दुसरंही एक उत्तर होतं, की ही कादंबरी आहे, मनाला लावून घेऊ नकोस. ते तर त्याहून वाईट. तेवढ्यात बसलेल्या आजींपैकी एकीनं विचारलं, "त्याला कधी कुणी जेवायला बोलावलंच नाही का गं?" हसू आलं सगळ्यांना, पण कादंबरीची किल्ली तीच आहे! कारण बोलावलेलं असतं. एका बाईनं बोलावलेलं असतं.

तिचं नाव बेटा. (मुलं या नावाला खूप हसली. आमच्याकडे मुलग्याला बेटा म्हणतात आणि ही तर नवी नवरी!) फाउंडेशनची ही मुलगी लग्न करून टोरानच्या घरी येते आणि दोघं कल्गानला जातात. तिथं त्यांना एक घाबरलेला विदूषक भेटतो, म्यूलच्या दरबारातून पळालो म्हणणारा. बेटाला त्याची दया येते. ती त्याला आपल्या जहाजात घेते, खाऊ-पिऊ घालते, त्याचं वाजवणं ऐकते, माणसासारखं बोलते. हा विदूषकच म्यूल आहे हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. तो त्यांच्यासोबत ग्रहामागून ग्रह फिरतो आणि जिथं जातो तिथं माणसं खचून जातात, शरण जातात.

त्याला हुडकायची आहे ती सेल्डनची दुसरी गुप्त वसाहत, कारण तीच काय ती त्याला अडवू शकेल. एब्लिंग मिस नावाचा म्हातारा विद्वान जुन्या राजधानीच्या ग्रंथालयात बसून तिचा ठाव शोधतो. म्यूल त्याचं मन इतकं पिळतो की म्हातारा काम करता करता मरणाच्या दारात जातो. शेवटी मिसला उत्तर सापडतं, तो तोंड उघडणार, आणि बेटा त्याला गोळी घालते. ठिकाणाचं नाव उच्चारलं जात नाही. तिनं ओळखलेलं असतं. आणि तिला ओळखता आलं, कारण सगळ्या माणसांत तिचं एकटीचं मन म्यूलनं फिरवलेलं नव्हतं. का नव्हतं? तर ती त्याच्याशी आपणहून चांगली वागली होती. खुंटी न पिळता कुणी आपल्याला चांगलं म्हटलं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. त्याला ते इतकं मोलाचं वाटलं की त्यानं त्याला हात लावला नाही. आणि तिथंच तो हरला. यावर तो चिडत नाही, त्या नवराबायकोला काही करत नाही, निघून जातो.

दोन रविवारांनंतर आम्ही त्या मुलाला जे सांगितलं ते असं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्यूललाच माहीत होतं. कोट्यवधी माणसं त्याला मान देत होती आणि त्यातल्या एकाच्याही मानाला त्याच्या लेखी किंमत नव्हती, कारण तो मान त्यानंच त्यांच्या मनात घातलेला होता. आपणच लिहिलेली चिठ्ठी टपालात टाकायची आणि पोस्टमन आला की आनंद मानायचा, तशातली गत. त्याला हवं होतं ते फक्त अशाच माणसाकडून मिळू शकत होतं जो नाही म्हणायला मोकळा आहे. आणि साम्राज्य म्हणजे तर असा मोकळा माणूस शिल्लक न ठेवण्याची व्यवस्था!

पुढच्या पुस्तकात हे आणखी उघडं पडतं. हॅन प्रिचर नावाचा कडवा शत्रू मन फिरवल्यावर त्याचा सेनापती झालेला असतो. पण त्याच्यातली धमक गेलेली असते. सांगितलेलं काम करतो, स्वतःचं काही सुचत नाही. शेवटी शोधमोहिमेवर पाठवायला म्यूलला मन न फिरवलेला, महत्त्वाकांक्षी तरुण निवडावा लागतो, बेल चॅनिस नावाचा. आणखी एक बारीक गोष्ट. एवढं राज्य मिळवून हा माणूस स्वतःला सम्राट म्हणवत नाही, 'प्रथम नागरिक' म्हणवतो. आम्हांस ते वाचून गलबलून आलं. नागरिक! सगळ्यांतला एक व्हायचं होतं त्याला, आणि राहतो तो मोठ्या राजवाड्यात, एकटा.

मुलगा ऐकून घेणारा नव्हता. तो म्हणाला, "ते त्याच्या सुखाचं झालं. पण चूक काय ते सांगा. त्यांनी त्याला छळलं, त्यानं त्यांना जिंकलं."

"त्यांनी" म्हणजे कोणी? आम्ही पुस्तक पुन्हा चाळलं. लहानपणी म्यूलला छळणारा एकही माणूस कादंबरीत समोर येत नाही. त्यांतल्या एकालाही शिक्षा झालेली दिसत नाही. ते कुठल्या तरी ग्रहावर मजेत म्हातारे होत असतील. किंमत मोजली ती कुणी? ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा ग्रहांनी, आणि त्या एब्लिंग मिसनं, जो बिचारा पुस्तकांत डोकं घालून बसला होता. ज्यानं छळलं त्याला न शिवता समोर येईल त्याच्यावर राज्य ढकलायचं, हा म्यूलचा हिशेब. छळणाऱ्याचं नाव घेऊन, चारचौघांत, त्याला उत्तर देण्याची मुभा ठेवून जाब विचारणं ही वेगळी गोष्ट आहे. ती कठीण आहे, तिला वेळ लागतो, आणि या सभागृहातल्या कित्येकांनी ती केलेली आहे. त्यांची नावं आज घेत नाही, ते समोरच बसले आहेत.

असिमॉव्हशीही आमचं थोडं भांडण आहे, ते नोंदवून ठेवतो. कुरूप, लुळा, कुबडा माणूस दुष्ट दाखवायचा, ही खोड सगळीकडची. आपल्याकडे मंथरा कुबडी, विलायतेत शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड कुबडा. असिमॉव्हनं त्याच खोडीला नाव दिलं 'खेचर', म्हणजे ज्याला मूल होत नाही ते. व्यंग हेच दुष्टपणाचं मूळ आहे असा वाचकाचा समज होऊ शकतो. वाचनात बसणाऱ्या एका पोलिओ झालेल्या ताईंनी हे रागानं बोलून दाखवलं आणि त्यांचा राग आम्हांस मान्य आहे. एवढंच म्हणू की लेखकानं दोष नाकाला दिला नाही, नाकाला हसणाऱ्यांना दिला. पण जगात नाकाला हसले गेलेले असंख्य आहेत आणि त्यांतले फार थोडे राज्यं जिंकायला निघतात. बहुतेक माणसं सकाळी उठून कामाला जातात. याबद्दल असिमॉव्ह गप्प आहे.

मुलगा यावर म्हणाला, "त्यांच्याकडे शक्ती नसते म्हणून." हे मात्र आम्हांस खोडता आलं नाही. आजही खोडता येत नाही. शक्ती हाती आल्यावर कोण काय करील, हे शक्ती येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही आमच्याबद्दलही खात्री देत नाही.

सुट्टी संपल्यावर तो परत गेला. वसतिगृहातल्या प्रकाराबद्दल त्यानं तिथं लेखी तक्रार दिली, दोन मित्रांच्या सह्या घेऊन. एक मित्र आपल्यातला, एक नाही. तिचं काय होतंय ते पाहू. गेल्या महिन्यात आला तेव्हा पुढचं पुस्तक मागून घेऊन गेला, ते अजून परत आलेलं नाही, ग्रंथपाल आमच्या मागे लागले आहेत. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "सर, बेटानं ज्या म्हाताऱ्याला मारलं, त्याच्याशी तिची चांगली ओळख होती ना? पुढं तिला झोप लागली असेल का?"